काचेचं पॅनेल घेऊ की काट्यांचं?

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात, डेटनजवळ राहतो. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांची बातमी २०१६ साली वाचली आणि डोक्यात किडा शिरला. वैमानिकाचा परवाना काढला आणि आता गॅरेजमध्ये आरव्ही-९ए हे दोन आसनी विमान किटवरून बांधतोय. पंख जवळजवळ झालेत, धड अर्ध्यावर आहे. इंजिन लायकमिंगचं, १६० हॉर्सपॉवरचं घेणार आहे. सध्या पॅनेलवर, म्हणजे समोरच्या उपकरणांच्या फळीवर, अडलोय. एका दुकानाने दोन दहा इंची स्क्रीन, ऑटोपायलट आणि ढगातून उडायला लागणारा जीपीएस असं सगळं मिळून चाळीस हजार डॉलरच्या वरचा आकडा सांगितला. आमच्या विमानतळावरचे एक ज्येष्ठ गृहस्थ जुन्या सेसनातून काढलेली सहा गोल घड्याळं आणि व्हॅक्यूम पंप दीड हजारात द्यायला तयार आहेत. मुलगा म्हणतो, आयपॅड लावा, बाकी कशाला हवं? बायको म्हणते, आधी विमान तर होऊ दे. कुणाचं ऐकू?
— गॅरेजवासी

उत्तर :

गॅरेजवासी, नमस्कार.

वहिनींचं ऐका. टाळायचं म्हणून सांगत नाही. या चौघांत त्यांचाच सल्ला सगळ्यात व्यवहारी आहे. धड अर्ध्यावर म्हणजे कॅनपी (वरचं काचेचं झाकण), इंजिन, काउलिंग (इंजिनावरचं आवरण), रंग सगळं बाकी. नोकरी सांभाळून बांधणाऱ्याला एवढ्याला सहज दोन-तीन वर्षं लागतात. आज स्क्रीन आणून कपाटात ठेवलीत, तर तिची वॉरंटी कपाटातच संपेल आणि तुम्ही पहिल्यांदा बटण दाबाल तोवर कंपनीने पुढचं मॉडेल बाजारात आणलेलं असेल. इलेक्ट्रॉनिक्स शेवटी घ्यायचं. हा नियम किट बांधणारे एकमेकांना सांगतात आणि प्रदर्शनाला गेले की हमखास मोडतात, कारण विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या विमानमेळ्यात जुलैत तंबूतंबूंतून सवलतीच्या पाट्या लागलेल्या असतात.

पण खरेदी नंतर म्हणजे विचारही नंतर, असं नाही. काही गोष्टी पंख आणि धड उघडे आहेत तोवरच सोप्या असतात. ऑटोपायलटच्या सर्व्होचे, म्हणजे कंट्रोल हलवणाऱ्या मोटरचे, ब्रॅकेट आत्ताच बसवून टाका, सर्व्हो पुढे घ्या किंवा घेऊ नका. अँटेना जिथे येतील तिथे आतून मजबुतीचे पत्र्याचे तुकडे (डब्लर) रिव्हेट करून ठेवा. पंखांतून वायरी ओढायला नळी आणि तिच्यात एक रिकामी दोरी सोडून ठेवा. पुढे ती दोरीच तुमच्या कमरेचं रक्षण करील. दिशा सांगणाऱ्या मॅग्नेटोमीटरची जागा लोखंडापासून आणि जास्त करंटच्या वायरींपासून लांब हवी. पंखाचं टोक किंवा शेपटीकडचा भाग हे नेहमीचे पर्याय. आणि पिटो नळी (वेग मोजायला समोरची हवा घेणारी) निवडताना अँगल ऑफ अटॅकचं, म्हणजे पंख समोरच्या हवेला किती कोनात भिडतोय ते मोजण्याचं, दुसरं भोक असलेलीच निवडा. त्याची दुसरी नळी आत्ता टाकणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. पंखाचा खालचा पत्रा बंद झाल्यावर ते काम करणारा माणूस काय काय बोलतो, ते इथे छापता येणार नाही.

आता निवडीबद्दल. तुम्ही विचारलंय काच की काटे. मी हा प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येक उपकरणाला एकच प्रश्न विचारतो : हे कशावर चालतं, आणि ते बंद पडलं तर माझ्याकडे काय उरतं? बॅटरी-अल्टरनेटर, पिटो-स्टॅटिकची हवा (वेग आणि उंची मोजायला बाहेरून घेतलेली), जायरो फिरवणारा व्हॅक्यूम पंप, पृथ्वीचं चुंबकत्व आणि उपग्रह. कॉकपिटमधलं जवळजवळ सगळं या पाचांपैकी कशाच्या तरी जीवावर असतं. कागदावर पाच रकाने पाडा आणि कोटेशनमधली प्रत्येक ओळ तिच्या रकान्यात टाका. दुकानाच्या यादीत दोन भव्य स्क्रीन दिसतात म्हणून वाटतं एक गेली तर दुसरी आहे. दोन्ही एकाच बसवर (वीजपुरवठ्याच्या एकाच पट्टीवर), एकाच एअर डेटा आणि ॲटिट्यूड सेन्सरवर असतील, तर ती दोन नव्हेत, एकच आहे. फक्त दोनदा दिसते. दुकानदाराला हे जरूर विचारा, आणि उत्तर वायरिंगच्या नकाशावर मागा.

तुम्ही डेटनमध्ये राहता म्हणून एक आठवण काढतो. राइट बंधूंच्या १९०३ च्या फ्लायरवर उपकरणं तीन होती : वारा मोजणारं अॅनिमोमीटर, स्टॉपवॉच आणि इंजिनाचे फेरे मोजणारा काउंटर. हवेतून किती अंतर कापलं, किती वेळात आणि इंजिन किती फिरलं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि उड्डाण संपताना एकच दांडी ओढून तिन्ही एकदम थांबवायची सोय होती. मला त्या यादीत आवडतं ते हे, की विमान हातात नसतानाच त्यांना ठाऊक होतं आपल्याला कोणते आकडे हवेत. तुमच्या कोटेशनमध्ये ते दिसत नाही. त्यात दुकानाला काय विकायचं आहे ते दिसतं.

तुम्हाला कोणते आकडे हवेत? परवाना आहे, पण ढगातून उडायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग असल्याचं पत्रात नाही. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं दिवसाउजेडी, मोकळ्या हवेत, शनिवार-रविवारी. दिवसाच्या दृश्य उड्डाणासाठी अमेरिकी नियमांतली ९१.२०५ ची यादी लहान आहे : एअरस्पीड, अल्टिमीटर, होकायंत्र, टॅकोमीटर, तेलाचा दाब, तेलाचं तापमान, प्रत्येक टाकीचा फ्यूएल गेज आणि थोडं इतर. काटेकोर बोलायचं तर एक्सपेरिमेंटल, म्हणजे तुमच्यासारख्या घरी बांधलेल्या, विमानाला दिवसासाठी ती शब्दशः लागू होत नाही. तुमच्या विमानासोबत जो ऑपरेटिंग लिमिटेशन्सचा कागद मिळेल तो बघायचा, आणि रात्री किंवा ढगात उडायचं असेल तर तोच कागद तुम्हाला त्या यादीकडे परत पाठवतो. यादी मी किमान म्हणून देतोय, पुरेशी म्हणून नाही. तिच्यात क्षितिज दाखवणारं एकही उपकरण नाही, आणि ते मी दिवसा उडणाऱ्यालाही घ्यायला सांगतो. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली वीस विद्यार्थी वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा परिस्थितीत टाकलं होतं. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. ढगात जायचा बेत कुणाचाच नसतो, ओहायोतल्या नोव्हेंबरातल्या दुपारीसुद्धा.

म्हणून माझी निवड सांगतो. एक दहा इंची स्क्रीन तुमच्या डोळ्यांसमोर. तिच्याशेजारी एक छोटं स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक उपकरण, ३ १/८ इंची गोल भोकाच्या जागी बसणारं, ज्यात क्षितिज, वेग आणि उंची तिन्ही आहेत. या छोट्याला स्वतःचा सेन्सर आणि स्वतःची बॅटरी हवी. गार्मिनचं जी-५ हे असं एक. बॅटरीवर चार तासांपर्यंत चालतं असं कंपनी सांगते, आणि त्या चार तासांत ओहायोत कुठेही उतरता येतं. मोठी स्क्रीन डायनॉनची की गार्मिनची, यावर दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने भांडतात. दोन्ही चांगल्या आहेत. तुमच्या विमानतळावर ज्या कंपनीच्या स्क्रीन जास्त आहेत ती घ्या, कारण शनिवारी सेटिंग अडलं की शेजारच्या हँगरमध्ये जाऊन विचारता येतं. वर डोळ्यांच्या रेषेत एक साधं, द्रवात तरंगणारं होकायंत्र. त्याच्या आसपास स्टीलचे स्क्रू लावू नका, पितळेचे लावा. दुसरी दहा इंची स्क्रीन शेजारच्या आसनासमोर छान दिसते, वहिनी नकाशाही बघतील. तिथे कोरा पत्रा ठेवा आणि मागे वायरी गुंडाळून ठेवा. हौसेला मोल नसतं म्हणतात, विमानात मात्र तिचं वजन भरावं लागतं.

सेसनातली सहा घड्याळं घेऊ नका. ते गृहस्थ प्रेमाने देत असतील, पण दीड हजार ही फक्त सुरुवात आहे. बरीच वर्षं पडून असलेल्या जायरोस्कोपची बेअरिंगं कोरडी होतात, आणि ती दुरुस्त करून घ्यायचा खर्च नव्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या आसपास जातो. व्हॅक्यूम पंपाची कार्बनची पाती पूर्वसूचना न देता मोडतात. पंप गेला की क्षितिज एकदम बंद पडत नाही. जायरो हळूहळू मंदावतो आणि क्षितिज हळूहळू कलत जातं, तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून विमान त्याच्याबरोबर कलवत असता. उघड उघड मेलेलं उपकरण परवडलं. आणि त्या एअरस्पीडवरची रंगीत कमान सेसनाची आहे. पांढरा पट्टा फ्लॅपचा, हिरवा नेहमीचा, पिवळा सावधगिरीचा, शेवटी लाल रेघ. यातली एकही रेघ तुमच्या विमानाची नाही. काट्यांची आवड असेल तर ती समजू शकतो. काट्याकडे ओझरतं बघितलं तरी किती राहिलं हे कळतं, आकडा मात्र वाचावा लागतो. नव्या स्क्रीनवर गोल घड्याळांचं रूप निवडता येतं, हौस तिथे भागवा.

मुलाचा आयपॅड? नकाशासाठी झकास. पण उन्हाळ्यात काचेच्या कॅनपीखाली तो तापून बंद पडतो, आणि नेमका डेटनच्या हवाई हद्दीच्या कडेला असताना पडतो. गुडघ्यावर ठेवा, पॅनेलमध्ये कापून बसवू नका. आणि मुलाला एवढं सांगा, की डेटनचा मोठा विमानतळ क्लास सी, म्हणजे नियंत्रित, हद्दीत आहे, तिथे जायला १ जानेवारी २०२० पासून ट्रान्सपाँडरबरोबर एडीएस-बी आउट (विमानाची जागा सतत प्रसारित करणारं यंत्र) लागतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या अचूकतेचा जीपीएस टॅबलेटमध्ये नसतो.

आता ज्यावर पैसे टाका म्हणून मी आग्रह धरतो ते. इंजिन मॉनिटर. चारही सिलिंडरच्या हेडचं तापमान आणि चारही एक्झॉस्टचं तापमान, वेगवेगळं. एकाच सिलिंडरला प्रोब लावून काम भागवणारे होते, अजून आहेत. पण कुठलं सिलिंडर सर्वांत गरम राहील हे तुमच्या काउलिंगमधले बॅफल (हवा सिलिंडरकडे वळवणारे पत्रे) ठरवतात, आणि बॅफल तुम्ही स्वतः कापलेले असणार. लायकमिंगची हेडसाठीची मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट आहे, पण तिथवर न्यायचं नसतं. मी अलार्म ४०० च्या थोडा वर ठेवतो. नवं इंजिन पहिल्या काही तासांत तसंही गरम चालतं, त्या काळात एक सिलिंडर बाकी तिघांपासून फटकून वागतंय का हे कळणं म्हणजे निम्मं निदान. प्रत्येक उड्डाणाची नोंद स्क्रीन स्वतः साठवते. ती उतरवून बघायची सवय लावा; पहिल्या चाळीस तासांच्या चाचणी-उड्डाणांत तर रोज. (इंजिन आणि प्रोपेलर प्रमाणित जोडीचे असतील तर हे तास सहसा पंचवीसवर येतात.)

तेलाच्या आणि इंधनाच्या दाबाचे सेंडर (दाब मोजून स्क्रीनला कळवणारे सेन्सर) इंजिनावर थेट स्क्रू करू नका. इंजिन थरथरतं, पितळेची फिटिंग दमते आणि तडकते, आणि मग गरम एक्झॉस्टवर तेल. सेंडर फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्यावर) बसवा, मध्ये लवचीक होज, आणि इंजिनाच्या बाजूच्या फिटिंगमध्ये बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे होज फुटलाच तरी धार बारीक राहील. कार्ब्युरेटरवाल्या तुमच्या इंजिनाला इंधनाचा दाब अर्धा ते आठ पीएसआय एवढाच लागतो, त्यामुळे काटा खाली दिसला की घाबरू नका. शून्याजवळ आला की जरूर घाबरा.

इंधन किती उरलंय याबद्दल थोडं जास्त बोलतो. स्कूटर हलवून पेट्रोलचा आवाज ऐकणारी आपली पिढी आहे; हवेत ती सोय नाही. आरव्हीच्या टाक्या पंखात, पंख टोकाकडे वर चढत गेलेला. टाकीतला तरंगता फ्लोट आतल्या बाजूला असतो, त्यामुळे टाकी पूर्ण भरायच्या आधीच तो छताला टेकतो. परिणाम असा, की सुरुवातीचे काही गॅलन जळून जातात तरी गेज ‘फुल’च दाखवतो आणि मग अचानक खाली यायला लागतो. प्रत्येक टाकी अठरा गॅलनची आहे. रिकाम्या टाकीपासून सुरू करून दोन-दोन गॅलन मोजून ओता, दर वेळी विमान थोडं हलवून स्थिर होऊ द्या आणि स्क्रीनला तो टप्पा शिकवा. कंटाळवाणं काम, एक अख्खी सकाळ जाते, आग विझवण्याचं नळकांडं जवळ लागतं. पण मग खालच्या अर्ध्या टाकीत गेज खरं बोलतो, आणि तुम्हाला खरं तिथेच हवं असतं. फ्यूएल फ्लोचा ट्रान्सड्यूसरही घ्या. तो ताशी किती जळतंय हे नेमकं सांगतो, पण टाकीत किती आहे हे त्याला माहीत नसतं. ते तुम्ही त्याला सांगितलेलं असतं. सकाळी घाईत ३६ टाकलंत आणि टाकीत तीसच होतं, तर तो शेवटपर्यंत सहा गॅलन जास्तच दाखवत राहील. म्हणून उडण्याआधी टाकीत काठी घालून बघणं सुटत नाही.

पिटो-स्टॅटिकमध्ये आरव्ही बांधणाऱ्यांची एक गंमत आहे. किटमध्ये धडाच्या दोन्ही बाजूंना स्टॅटिक पोर्ट म्हणून साधा पॉप रिव्हेट दिलेला असतो, मधली दांडी काढून टाकलेला. लोकांना तो गावठी वाटतो. मग कुणी सुरेख लेथवर कातलेला, पत्र्याशी सपाट पोर्ट बसवतो आणि नंतर त्याचा एअरस्पीड आणि अल्टिमीटर चुकीचं दाखवायला लागतात. त्या रिव्हेटचं किंचित वर आलेलं गोल डोकंच तिथल्या हवेचा दाब बरोबर करत असतं. गावठी रिव्हेट राहू द्या. नळ्या जोडून झाल्या की गळती तपासा : स्टॅटिकच्या बाजूने इंजेक्शनच्या सिरिंजने हळूवार हवा ओढा, अल्टिमीटर हजार फूट वर जाऊ द्या, नळी चिमटीत धरा आणि मिनिटभर बघा. शंभर फुटांपेक्षा जास्त खाली आला तर कुठेतरी गळतंय. जोरात ओढू नका, उपकरणाचं पोट फाटतं. ट्रान्सपाँडरची अधिकृत तपासणी दर चोवीस महिन्यांनी परवानाधारक दुकानाकडून करावी लागतेच, ढगात उडणार असाल तर अल्टिमीटर-स्टॅटिकचीही. पण तिथे जाताना गळकी नळी घेऊन गेलात तर तासाचे पैसे ते शोधण्यात जातात.

अँगल ऑफ अटॅक आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, हे दोन्ही घ्याच. पहिला हेडसेटमध्ये टुकटुक करतो, लँडिंगच्या वळणावर मान बाहेर वळलेली असताना. घरगुती विमानांचे जीवघेणे अपघात सर्वांत जास्त होतात ते ताबा सुटून, आणि स्टॉल (पंखाची उचल अचानक संपणं) हा त्यातला जुना ओळखीचा पाहुणा. दुसरा ओहायोच्या थंडीसाठी. तुमचा हीटर एक्झॉस्टच्या नळीभोवतीची गरम हवा आत घेतो, त्या नळीला चीर गेली की वासाशिवाय झोप येते. अमेरिकेची अपघात-तपास संस्था एनटीएसबी २००४ पासून या अलार्मचा आग्रह धरतेय. किमतीने तो तुमच्या यादीतला सर्वांत स्वस्त असेल.

ढगातून उडायच्या जीपीएसचे पैसे आत्ता घालू नका. मोठ्या स्क्रीनमधला जीपीएस त्या कामाला कायदेशीर चालत नाही, प्रमाणित वेगळा लागतो, त्याचा डेटाबेस दर अठ्ठावीस दिवसांनी नवा करावा लागतो आणि वर्गणी उडलात न उडलात तरी भरावी लागते. रेटिंगचा अभ्यास खरंच सुरू कराल तेव्हा घ्या. रेडिओच्या रांगेत त्याच्या उंचीएवढी जागा कोरी ठेवा. ऑटोपायलट मात्र घ्या, तो चैनीचा भाग नाही. एकट्या माणसाला नकाशा शोधताना विमान सरळ ठेवणारा दुसरा हात आहे. सध्याच्या स्क्रीनमध्ये त्याची अक्कल आधीच असते, खर्च मुख्यतः दोन सर्व्होंचा.

पत्रा कापण्याआधी एक करा. पॅनेलचा पूर्ण मापाचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवा, धडात बसवा, आसनाची खरी उशी टाका, पट्टे आवळून बसा. उजवा हात थ्रॉटलवर आणि डावा स्टिकवर गुंतलेला असेल, तर कुठलं बटण कुणाच्या हाताने दाबणार? दुपारच्या ओहायोच्या धक्क्यांत टचस्क्रीनवर बोट ठरत नाही, म्हणून अल्टिमीटर सेटिंग, हेडिंग आणि रेडिओचा व्हॉल्यूम या तिघांना खरी, फिरवता येणारी नॉब हवी. चष्मा लागत असेल तर तो लावून बघा. बायफोकलवाल्यांना वरच्या ओळीतले छोटे आकडे दिसतच नाहीत. मागचीही खोली मोजा. पॅनेलच्या मागे आणखी एक आडवा पत्रा आहे, लांब पेटीच्या रेडिओचा ट्रे त्याला भिडतो.

वायरिंग स्वतः करायचं की दुकानाकडून, हा पैशांपेक्षा स्वभावाचा प्रश्न आहे. तयार हार्नेस घेतलात तरी ५१ टक्क्यांच्या हिशेबाला (निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्याचं हवं, या नियमाला) सहसा धक्का लागत नाही, पण आपल्या तपासनिसाला आधी विचारून घ्या. स्वतः करणार असाल तर वायर टेफझेलची, साधी पीव्हीसी नको, ती जळली की कॉकपिटमध्ये विषारी धूर भरतो. क्रिंपिंगचं चांगलं हत्यार, आणि दोन्ही टोकांना नंबर.

तुमचं इंजिन दोन्ही मॅग्नेटोचं (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी देणाऱ्या यंत्रांचं) ठेवलंत तर अल्टरनेटर गेल्यावरही ते चालत राहील. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा मोह झाला तर बॅटरीचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल, कारण मग प्रश्न स्क्रीनचा राहत नाही. पाच रकान्यांचा कागद तयार झाला की वायरिंगच्या कच्च्या नकाशाबरोबर पाठवा. कुठला फ्यूज उडाल्यावर काय काय एकदम मरतं, ते बघून सांगतो.